चार मिलिमीटरची भोकं

हालगायरच्या हाताला कला आहे असं सगळं ब्रेक्को गाव म्हणायचं. हालगायरचंही तेच मत होतं, आणि सगळी गोची तिथेच होती.

डेअरीत चाळीस वर्षं वेल्डर म्हणून काढलेल्या या माणसाने घरी आणलं नाही असं भंगार नव्हतं. कपडे धुण्याच्या मशीनच्या मोटारीवर फिरणारी ढवळणी त्याची, बोटीच्या जुन्या पंपाने गरम पाणी वर चढवायची युक्ती त्याची. आमच्या या स्ट्योर्दाल भागात दुकानातली बिअर मिळते, पण नाताळाला, लग्नाला आणि मयताला ती टेबलावर ठेवली तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, घरी जाऊन बोलतात. आपलेच जव, आपलेच मोड, आपल्याच भट्टीत ओर झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेलं माल्ट, आणि आपल्याच टाकीत काढलेला रस. त्यामुळे ज्याला टाकी बनवता येते, चाळणी बनवता येते, त्याला गावात पाद्र्याच्या खालोखाल मान. हालगायरने तो मान पुरेपूर उपभोगला. शेजाऱ्याची टाकी बघायला बोलावलं की हा आधी गप्प उभा राहायचा, मग नुसतं "हं" म्हणायचा, आणि टाकीवाल्याची झोप उडायची.

स्टेनलेसचा तुकडा म्हणजे तर त्याचा जीव. हाताएवढा असला तरी कोठारात ठेवायचा. "कधी लागेल सांगता येत नाही," म्हणायचा. बायको होती तोवर ती म्हणायची, "मी गेले की मलाही मागच्या भिंतीला टेकवून ठेव, कधी लागेन सांगता येत नाही." ती गेली आणि पत्रे राहिले.

दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात त्याची वहिनी आस्लाउग त्याच्या शेडमध्ये आली. थोरल्या भावाची, आयलिफची बायको. दोन्ही घरांमध्ये फक्त एक बटाट्याचं शेत, पण बावीस वर्षांत ती शेडमध्ये आली नव्हती. हालगायरने स्टूल पुसून पुढे केलं. ती बसली नाही.

"डॉक्टरांनी आयलिफला नाताळसुद्धा दिला नाहीये," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"ऐकलंस आणि आला नाहीस."

हालगायरने हातातला पाना उगीचच उलटापालटा केला.

"त्याला मयताची बिअर पाहिजे. घरची. तू केलेली."

"मी?"

"मीही हेच विचारलं. म्हणाला, भांडी त्याच्याकडे आहेत, माल्ट त्याच्याकडे आहे, दुसरा कोण करणार. आणि डोळे मिटायच्या आधी एक घोट चाखून बघणार आहे म्हणे. आपल्या मयताला वाईट बिअर निघाली तर काय, ही काळजी आहे साहेबांना."

"किती माणसं येतील?"

"ऐंशी धर. सगळे येतील. जिवंतपणी यायचं होतं तेव्हा कोणाला वेळ नव्हता."

ती निघून गेली. हालगायरने पाना जागेवर ठेवला. त्याला बरं वाटलं होतं, हे आधी सांगून टाकायला हवं. भावाने शेवटी मागितलं ते आपल्याच हातचं, म्हणजे भाऊ नमला, असा हिशेब त्याने मनात केला. नमण्यासारखं भावाने काय केलं होतं, ते ब्रेक्कोत शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

पाच घरांची मिळून एक भट्टी होती, आजोबांच्या काळची. खाली दगडी चूल, वर भोकं पाडलेल्या फळ्या, फळ्यांवर मोड आलेले ओले जव. दीड दिवस खाली लाकूड जळतं, धूर दाण्यांमधून वर जातो आणि दाणे वाळतात. त्या दीड दिवसात कोणीतरी जागेवर पाहिजे. ब्रेक्कोत हा मान आयलिफचा. तो थर्मामीटर वापरायचा नाही. मूठभर दाण्यांतून एक उचलायचा, डोळे मिटायचा, दातांखाली धरायचा आणि दाणा कसा फुटतो ते ऐकत बसायचा. "अजून तीन तास," म्हणायचा, आणि तीनच तास लागायचे. हालगायरच्या हातांत कला होती तशी याच्या दातांत होती. फरक इतकाच की आयलिफ त्याबद्दल कुठे बोलत नसे. तो शाळेची बस चालवायचा, अकरा वर्षं, आणि प्रत्येक पोराचं नाव त्याला पाठ होतं.

चौऱ्याण्णव साली हालगायरच्या मुलीचं, रांगनिलचं, लग्न ठरलं. पोरीच्या लग्नाची बिअर जुन्या कुजक्या फळ्यांवर कशी वाळवायची? हालगायरने डेअरीतून मोडीत निघालेला स्टेनलेसचा मोठा पत्रा आणला आणि ड्रिल घेऊन भोकं पाडायला बसला. साडेचार हजार भोकं. मेहनतीला तो कधी कमी पडला नाही, हे त्याच्या शत्रूनेही कबूल करावं. पत्रा बसवला त्या दिवशी पाची घरं बघायला आली. हालगायरने ओल्या, मुळं फुटलेल्या जवाची ओंजळ पत्र्यावर टाकली आणि पत्रा गदागदा हलवला. खाली एक दाणा पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जूनच्या एका रविवारी दुपारी लग्नाचं माल्ट भट्टीवर होतं. हालगायर बघायला गेला तर कडेने काळा धूर येत होता. आत बाकावर आयलिफ डोळे मिटून बसला होता. हालगायरने त्याला गदागदा हलवेपर्यंत खालून ज्वाळा आली. माल्ट गेलं, छप्पर गेलं, एक भिंत गेली. लग्नात टेबलावर दुकानातल्या बाटल्या होत्या. पाहुणे बाटल्यांवरचे कागद वाचत होते, आणि हालगायरचं डोकं फिरलं होतं. तो उभा राहिला आणि सगळ्या मांडवासमोर म्हणाला, "माझ्या मुलीच्या लग्नाची बिअर माझ्या भावाने झोपेत प्यायली."

लोक हसले. त्या दिवसापासून आयलिफचा झोप्या झाला. तो एकदाच म्हणाला होता, "मी दाणा चावत होतो." पण पकडला गेलेला माणूस काय, काहीतरी म्हणणारच. ऑगस्टात शाळा उघडली तेव्हा कोणीतरी कचेरीत चिठ्ठी धाडली, की झोपणाऱ्या माणसाच्या हाती मुलं कशी द्यायची. बस गेली. आयलिफ खडीच्या खाणीत लागला आणि निवृत्त होईपर्यंत दगड वाहत राहिला. भट्टी पुन्हा उभी राहिली, तिच्यात तारेची जाळी बसली, पण माल्ट चाखायला त्याला कोणी बोलावलं नाही. दर शरदात भट्टी पेटली की तो होडी काढून फ्योर्डच्या खाडीत मासे धरायला जायचा. गावात धुराचा वास असेपर्यंत परतायचा नाही.

तर आता ऐंशी माणसांची बिअर करायची होती आणि हालगायरची नेहमीची टाकी पुरणारी नव्हती. बंद पडलेल्या एका गोठ्यातून त्याने दूध गार करायची मोठी टाकी मिळवली, तिला नळ जोडला, ढवळणीची मोटार वर चढवली. राहिली तळाची चाळणी, जिच्यावर माल्ट राहील आणि रस खाली उतरेल. त्यासाठी त्याने कोठारातून, लाकडांच्या ढिगामागून, तो चौऱ्याण्णवचा पत्रा ओढून काढला. आगीत वाकलेला, काजळीने भोकं बुजलेला. त्याने तो सोड्याने घासला, पाण्याचा फवारा मारला, दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला. पत्रा चकाकला. हालगायर खूश होऊन त्याच्याभोवती एक फेरी मारून आला.

माल्टची गोणी त्याने पत्र्यावरच टेकवली होती. ती उचलताना ओंजळ-दोन ओंजळी दाणे सांडले. डाव्या बाजूचे त्याने हाताने गोळा केले. उजव्या बाजूचे गोळा करायला गेला तर तिथे मूठभरही नव्हते. त्याने खाली वाकून पाहिलं. दाणे जमिनीवर पडले होते.

त्याने आणखी एक ओंजळ टाकली, उजवीकडे, आणि पत्र्याला नुसतं बोट लावलं. दाणे उभे राहून एकामागून एक खाली गेले.

मग त्याला आठवलं. विसरला कधीच नव्हता, फक्त तिकडे बघितलं नव्हतं. अडीच मिलिमीटरची भोकं पाडायची होती. स्टेनलेस कडक, ड्रिलचं बारीक बिट तुटायचं. एक तुटलं, दुसरं तुटलं. निम्मा पत्रा झाल्यावर तिसरं तुटलं, शनिवारची संध्याकाळ होती, दुकान बंद, आणि डब्यात चार मिलिमीटरचं बिट होतं. त्याने ते लावलं. ओला दाणा फुगलेला असतो, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून टाळ्यांच्या दिवशी काही पडलं नाही. वाळल्यावर मुळं झडतात, दाणा आकसतो. तो खाली पडतो. खाली निखारे असतात. आमच्याकडे हे आठवीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही, आणि हालगायरला तर मुळीच नाही.

तो शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला. बटाट्याच्या शेतापलीकडे आयलिफच्या घरात दिवा होता. चालत गेला असता तर चार मिनिटं. आयलिफ शुश्रूषागृहात होता म्हणा, तर गाडीने पंधरा.

तो आत आला आणि ग्राइंडर लावला. डाव्या अर्ध्यातून, बारीक भोकांच्या, गोल चाळणी कापून घेतली. ती तर हवीच होती. मग उजवा अर्धा घेतला आणि त्याचे तळहाताएवढे तुकडे केले. मंगळवारी भंगाराची गाडी आली तेव्हा ते तुकडे स्वतः तिच्यात टाकले. लागणार नव्हतं ते टाकलं, असं त्याने स्वतःला सांगितलं. आयुष्यात या माणसाने स्टेनलेसचा तुकडा टाकला नव्हता. भ्याड माणूस कामाला लागला की किती नेटकं काम करतो, ते बघण्यासारखं होतं.

बिअर काढायच्या दिवशी शेजारचा ओडमुंड मदतीला आला. बडबड्या, पण मनाने वाईट नाही. त्याने चाळणी धुतली, उजेडात धरली आणि म्हणाला, "काय रे ही भोकं, सुई जायची नाही. नवीन पाडलीस?"

गप्प बसता आलं असतं. पण कोणी कामाची तारीफ केली की हालगायरच्या जिभेवर त्याचा ताबा राहत नसे.

"हा चौऱ्याण्णवचा पत्रा," तो म्हणाला. "आगीतून निघाला, अजून एक भोक वाकडं नाही."

"आणि त्या झोप्याने असला पत्रा जाळला," ओडमुंड म्हणाला.

हालगायर नळ उघडायला वाकला.

रस स्वच्छ उतरला, तांबूस आणि दाट. आठ दिवसांनी एक बाटली कोटाच्या आत घालून तो शुश्रूषागृहात गेला. आयलिफ उशांना टेकून बसला होता. एवढा मोठा माणूस, पांघरुणाखाली काही नाही असं वाटत होतं.

"आलास," आयलिफ म्हणाला.

"आलो."

"आण मग. नर्स फिरकायच्या आत."

हालगायरने कपात घोटभर ओतली. आयलिफने ती तोंडात घेतली आणि डोळे मिटले. ते मिटलेले डोळे हालगायरला बघवेनात. तो खिडकीतून गाड्या बघत राहिला.

"धूर बरोबर आहे," आयलिफ डोळे न उघडता म्हणाला. "जरा गोड झालीय. मयताला गोडच बरी."

"हो."

"रस स्वच्छ आहे." तो थांबला. "या वेळी भोकं बारीक ठेवलीस."

खोलीत कसला तरी पंप घरघरत होता. आयलिफ डोळे मिटून बसला होता, घाई नसल्यासारखा, दाणा फुटायची वाट बघत बसावं तसा. पुढचं वाक्य हालगायरचं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"हो," हालगायर म्हणाला. "बारीक ठेवली."

"बरं केलंस."

मग हालगायरने वरच्या रस्त्याचं डांबरीकरण कसं रखडलंय ते सांगितलं. आयलिफ ऐकत होता की झोपला होता कोणास ठाऊक. या वेळी कदाचित खरंच झोपला असेल. जिना उतरता उतरता हालगायर कठडा धरून तिथेच उभा राहिला. भावाला सगळं ठाऊक होतं. परत वर जायला बारा पायऱ्या होत्या. तो खाली गेला.

सहा दिवसांनी आयलिफ गेला.

मातीहून सगळे गावच्या सभागृहात आले. मटणाचं सूप, लेफ्सेच्या मऊ पोळ्या, सायीचे केक, आणि लाकडी वाडग्यांतून हातोहात फिरणारी हालगायरची बिअर. लोक घोट घेऊन हालगायरकडे बघून मान हलवत होते. सूप संपलं की आमच्याकडे ज्याला वाटेल तो उठून गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतो. ओडमुंड उठला.

"आयलिफसारखा गरीब माणूस मिळायचा नाही," तो म्हणाला. "एक बिअर त्याने झोपून घालवली, पण आज कायमचा झोपून दुसरी पाजतोय. फिटंफाट झाली."

सगळे हसले. प्रेमाने हसले, पाद्रीसुद्धा. आस्लाउग आपल्या रिकाम्या बशीकडे बघत होती. तिच्यासमोरचा वाडगा भरलेला होता.

हालगायर उठला. आपण उठतोय हे त्याला उठल्यावर कळलं.

"आयलिफ झोपला नव्हता," तो म्हणाला. "भट्टी माझ्यामुळे पेटली. निम्म्या पत्र्याला मी चार मिलिमीटरची भोकं पाडली होती, बारीक बिट तुटलं म्हणून. वाळलेले दाणे खाली विस्तवात पडले. तो डोळे मिटून दाणा चावत होता. झोप्या मी म्हटलं त्याला. ते खोटं होतं."

आता शिव्या येतील, असं हालगायरला वाटलं. येऊ देत. त्याला त्या हव्या होत्या.

ओडमुंडचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत?" तो म्हणाला. "मेलेल्याचं नाव राखायला स्वतःच्या अंगावर घेतोय. याला म्हणतात भाऊ."

"मी खरं सांगतोय, ओडमुंड."

"अरे, तो पत्रा मी माझ्या हातांनी धुतलाय. सुई जात नाही त्यातून. तूच सांगितलंस ना, चौऱ्याण्णवचा म्हणून?"

"तो निम्मा. दुसरा निम्मा मी कापून भंगारात टाकला."

"स्टेनलेस? आणि तू टाकलास?"

यावर सगळं सभागृह मनापासून हसलं. हालगायरच्या कोठारात काय काय आहे ते प्रत्येकाने पाहिलं होतं. कोणीतरी टाळी वाजवली, मग दोघांनी, मग सगळ्यांनी. रांगनिलने येऊन गळ्यात हात टाकले. "बाबा," ती रडत म्हणाली, "किती मोठ्या मनाचा आहेस तू."

हालगायर तिचे हात सोडवून मागच्या स्वयंपाकघरात गेला. आस्लाउग तिथे एकटी बशा धूत होती.

"तू तरी..." तो म्हणाला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आग लागली त्याच संध्याकाळी त्याने राख उकरून पाहिली होती. जळके दाणे सगळे एकाच बाजूला."

"मग बोलला का नाही तो?"

"मीच बोल बोल म्हणून त्याचा जीव खाल्ला. आधी म्हणाला, पोरीचं लग्न आहे, आत्ता नको. मग म्हणाला, बस तर गेलीच, आता बोलून काय. मग म्हणाला, हालगायरला कळेल तेव्हा तो येईल."

"मी आलो होतो."

"हो. बिअर घेऊन." तिने बशी पुसून रचली. "आज खरं बोललास तू. आणि त्याचंही कौतुक तुझंच झालं. त्याच्या वाट्याला काय आलं?"

बाहेरून ओडमुंडची हाक आली, "हालगायर, कुठे लपलास? तुझ्या नावाने वाडगे उचलून बसलेत सगळे."

आस्लाउगने हात पुसले.

"जा," ती म्हणाली. "थांबलेत ते."

हालगायर गेला.